तालुक्यातील पाच लहान शेतकरी कंपन्यांनी एकत्र यावे हे पटते, पण त्यासाठी महासंघ काढावा का?

प्रश्न : तेरणाकाठ (लातूर जिल्हा)

आमच्या तालुक्यात आज पाच शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत आणि त्यांपैकी एका कंपनीचा मी संचालक आहे. आमचे सभासद साडेतीनशेच्या घरात आहेत. इतर चौघींची स्थितीही थोड्याफार फरकाने तीच आहे. पाचही कंपन्या केंद्राच्या दहा हजार उत्पादक संघटनांच्या योजनेतून एकामागोमाग नोंदल्या गेल्या, त्यामुळे पाचही जणींचे तीन वर्षांचे व्यवस्थापन अनुदान जवळपास एकाच सुमारास संपले. ते संपताच दोन कंपन्यांचे मुख्य कार्यकारी अधिकारी नोकरी सोडून गेले, एकीचे कार्यालय संचालकाच्या खताच्या दुकानात हलले, आणि आमच्याकडे हिशेब लिहिणारा मुलगा आता आठवड्यातून दोनच दिवस येतो.

आमचा मुख्य माल सोयाबीन, त्यानंतर तूर आणि हरभरा. पाचही कंपन्या त्याच गावांतून माल गोळा करतात, काही शेतकऱ्यांनी तर दोन-दोन कंपन्यांचे भाग घेतलेले आहेत. मागील हंगामात आमच्यापैकी दोन कंपन्यांच्या गाड्या एकाच दिवशी एकाच तेल कारखान्याच्या फाटकासमोर उभ्या होत्या आणि खरेदी करणाऱ्याने एकीचा भाव दुसरीला सांगून दोघींनाही खाली उतरवले. त्याआधी २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारातील दर त्याच्या बराच खाली होता. हमीभावाचे खरेदी केंद्र मात्र आमच्यापैकी एकाच कंपनीला मिळाले. ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणली गेली तोवर गरजू शेतकऱ्यांचा बराच माल व्यापाऱ्याकडे गेला होता, पुढे बारदान्याचा तुटवडा झाला, आणि त्या केंद्रावर आधी कोणत्या कंपनीच्या सभासदाचे माप घ्यायचे यावरून गावागावांत जी कुरबूर झाली ती अजून मिटलेली नाही.

कृषी विभागातून निवृत्त झालेल्या एका हितचिंतकांनी सुचवले आहे की पाचही कंपन्यांनी मिळून तालुका पातळीवर महासंघ नोंदवावा. दोन कंपन्या उत्साहात आहेत, दोन गप्प आहेत आणि आम्ही अडखळलो आहोत. महासंघाची नोंदणी खरोखर आवश्यक आहे का, की पाच संचालक मंडळांत ठराव करून भागेल? एकत्र पाठवलेल्या मालात एका कंपनीचा माल खराब निघाला तर त्याचा भार कोणी उचलायचा? आणि आमच्यातील एका कंपनीचे अध्यक्ष शेतकरी आंदोलनातील आहेत. त्यांनी रास्ता रोको पुकारला तर इतर चार कंपन्यांनी एकजुटीच्या नावाखाली त्यात उतरणे अपेक्षित आहे का? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर १ : हिशोबनीस

नोंदणीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात उत्साहाच्या भरात घेतलेला निर्णय पुढे अनेक वर्षे महाग पडतो.

कायदा आपल्याला अडवत नाही. कंपनी कायद्यातील उत्पादक कंपन्यांच्या तरतुदींनुसार दोन किंवा अधिक उत्पादक संस्था एकत्र येऊन स्वतंत्र उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. मात्र अशा कंपनीतील मताधिकाराचा नियम बहुतेकांना ठाऊक नसतो. सभासद जेव्हा केवळ व्यक्ती असतात तेव्हा भाग कितीही असले तरी माणशी एकच मत असते; परंतु सभासद केवळ संस्था असतील तर पहिल्या वर्षी भागभांडवलाच्या आणि पुढे मागील वर्षातील उलाढालीतील सहभागाच्या प्रमाणात मते ठरतात. म्हणजे आपल्या पाचांपैकी ज्या कंपनीकडे गोदाम आणि खरेदी केंद्र आहे, तिच्याकडे दुसऱ्या वर्षापासून मतेही जास्त जातील. हे वाईटच आहे असे मी म्हणत नाही, कारण जास्त धंदा देणाऱ्याला जास्त अधिकार असावा या म्हणण्यात तथ्य आहे. पण गप्प बसलेल्या दोन कंपन्यांना हे आधी सांगितलेले नसेल तर त्या दुसऱ्या वार्षिक सभेनंतर बाहेर पडतील.

दुसरी बाब खर्चाची. महासंघ ही सहावी कंपनी असेल आणि तिलाही लेखापरीक्षण, वार्षिक सभा, ताळेबंद व वार्षिक विवरणपत्र दाखल करणे हे सगळे करावे लागेल. ही दोन विवरणपत्रे उशिरा गेली की प्रत्येकी दिवसाला शंभर रुपये याप्रमाणे जादा शुल्क चढत राहते, आणि सलग तीन आर्थिक वर्षांची दाखल झाली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी कोणत्याही कंपनीत संचालकपदास अपात्र ठरतात. आपल्या पाचांची विवरणपत्रे आज वेळेवर जात आहेत का, हे आधी पाहावे. ज्या घरात पाच चुली धडपणे पेटत नाहीत तिथे सहावी मांडून काय साधणार?

तिसरी बाब कराची. शेतकरी आपला सोयाबीन कंपनीला विकतो तेव्हा वस्तू व सेवा कर नसतो, पण कंपनीने तो महासंघाला विकला आणि महासंघाने कारखान्याला विकला, तर दोन्ही टप्प्यांवर ५ टक्क्यांची बिले होतात. भरलेला कर पुढे वळता होतो हे खरे असले तरी तेवढे दिवस खेळते भांडवल अडकते, आणि लहान कंपनीकडे तुटवडा असतो तो नेमका त्याचाच. उत्पादक कंपन्यांना प्राप्तिकरात मिळणारी शंभर टक्के वजावटही २०२३-२४ या आर्थिक वर्षापर्यंतचीच होती, त्यामुळे नव्या कंपनीला तोही आधार नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की सौदा एकत्र करावा आणि बिले आपापली ठेवावीत. पाचही संचालक मंडळांनी एकाच मसुद्याचा ठराव करावा, त्यात प्रत्येक पिकासाठी एका कंपनीला बोलणी करण्याचा अधिकार द्यावा, ठरलेल्या भावाने प्रत्येकीने कारखान्याच्या नावे स्वतःचे बिल करावे आणि पैसे थेट स्वतःच्या खात्यात घ्यावेत. एका गाडीत दोन कंपन्यांचा माल असला तरी दोन बिले निघू शकतात. पैसे कोणा एकीच्या खात्यात जमा होऊन मग वाटले जाण्याची वेळच आली नाही, तर निम्मे संशय जन्माला येत नाहीत.

सामाईक ठेवण्यासारखी पहिली गोष्ट मला हिशेबनीस वाटते. (टोपणनावामुळे पक्षपाती वाटेन, पण हे गांभीर्याने लिहीत आहे.) मुख्य कार्यकारी अधिकारी कायद्याने प्रत्येक उत्पादक कंपनीला पूर्णवेळच असावा लागतो, तो पाचांत वाटून घेता येत नाही, हिशेब लिहिणारा मात्र घेता येतो. पाचही कंपन्यांनी मिळून एक चांगला, पूर्ण पगाराचा माणूस ठेवावा, त्याचा निम्मा खर्च समान आणि निम्मा उलाढालीच्या प्रमाणात वाटावा. पाचही वह्या एकाच हाताने, एकाच पद्धतीने लिहिल्या जाऊ लागल्या की कोणाचा तोटा नेमका कशात आहे हे आपोआप शेजारी-शेजारी दिसू लागते.

महासंघच हवा असेल तर राज्य पातळीवर शेतकरी कंपन्यांनीच २०१४ मध्ये उभी केलेली महाएफपीसी ही शिखर कंपनी पुण्यात आहेच. तिचे सभासद होणे आणि तालुक्यात नवीन कंपनी काढणे यांतील फरक संचालकांपुढे ठेवावा.

उत्तर २ : पैनगंगातीर (वाशिम)

मी केवळ मालाच्या दर्जाबद्दल लिहितो, कारण आमच्या तीन कंपन्यांची एकत्र विक्री पहिल्या वर्षी त्याच कारणाने मोडली आणि दुसऱ्या वर्षी त्याच्यावर तोडगा काढल्यानंतर टिकली.

कारखान्याचा भाव साधारणपणे ओलावा १०, माती-काडीकचरा २ आणि डागी दाणा २ टक्के या हिशेबाने ठरतो. त्यापुढे गेले की कपात. आमच्याकडे तिन्ही कंपन्यांची ओलावा मोजण्याची यंत्रे वेगवेगळ्या बनावटीची होती आणि त्याच ढिगातील दाणा एकावर ११ तर दुसऱ्यावर साडेबारा दाखवत असे. गाडी फाटकावर गेली की कारखान्याच्या यंत्राचा आकडा तिसराच निघे. मग ज्याचा माल कोरडा त्याचा राग कारखान्यावर न निघता शेजारच्या कंपनीवर निघत असे, आणि तो राग अनाठायी आहे असे समजावून सांगण्याइतका पुरावा कोणाकडेच नव्हता.

आम्ही पुढे असे ठरवले. तिन्ही कंपन्यांची यंत्रे हंगामाच्या आरंभी एका ठिकाणी आणून त्याच नमुन्यावर तपासायची आणि प्रत्येकीचा फरक कागदावर लिहून यंत्राच्या पेटीवर चिकटवायचा. गोदामात माल घेताना प्रत्येक शेतकऱ्याच्या दर दहा कट्ट्यांतून बंबी (कट्ट्यात खुपसून दाणे काढायची पोकळ सळई) मारून नमुना काढायचा, तो एकत्र मिसळून त्याच्या तीन पुड्या करायच्या. एक शेतकऱ्याकडे, एक कंपनीकडे आणि एक गाडीसोबत. पुडीत चिठ्ठी, चिठ्ठीवर सभासद क्रमांक, कट्ट्यांची संख्या, ओलावा आणि माप घेणाऱ्याची सही. प्रत्येक कंपनीच्या कट्ट्यांना वेगळ्या रंगाची सुतळी. कारखान्याने कपात केली तर पुड्या उघडायच्या आणि ज्या रंगाचा माल असेल त्या कंपनीने कपात सोसायची. पुड्यांवरून निर्णय होत नसेल तरच ती कपात सर्वांनी वजनाच्या प्रमाणात वाटून घ्यायची.

हे वाचताना किचकट वाटेल, परंतु प्रत्यक्षात दोन मुलांचे काम आहे. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो : खराब मालाचा भार सगळ्यांनी समान सोसावा हा उदार नियम कोणी सुचवला तर तो नाकारावा. त्या नियमाखाली माल वाळवून आणणारा शेतकरी मूर्ख ठरतो, आणि पुढच्या वर्षी तोही ओला माल आणतो.

चाळणी यंत्राबाबतही एक सूचना आहे. पाच कंपन्यांकडे अनुदानातून आलेली पाच यंत्रे असतील तर त्यांतील तीन तरी वर्षातील दहा महिने बंद असतील. त्यांतील एक सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवा. २०२० च्या जूनमध्ये मराठवाडा-विदर्भात विकतचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता, तो आपल्याला आठवत असेलच. घरचे बियाणे एकत्र चाळून, उगवण तपासून, ७० टक्क्यांच्या वर उगवण असलेलेच सभासदांना एकमेकांत देण्याचे काम पाच कंपन्यांनी मिळून केले तर त्यासाठी ना कारखान्याची मर्जी लागते ना सरकारी केंद्राची.

उत्तर ३ : कादवाकाठ (नाशिक)

वरील दोन्ही उत्तरे व्यवहाराच्या दृष्टीने योग्य आहेत. मला त्यात आमच्या भागातील दोन उदाहरणे जोडायची आहेत, कारण लहान संस्थांनी आपली ओळख न विसर्जित करता एकत्र काम केल्याचा अनुभव महाराष्ट्रात जुना आहे आणि आपण प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करतो.

पहिले उदाहरण महाग्रेप्सचे. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी पणन मंडळाच्या मदतीने निर्यातीसाठी ही भागीदारी उभी केली. तिचे स्वरूप असे होते की पूर्वशीतकरण, हाताळणी आणि सभासदांशी संबंध हे त्या-त्या संस्थेकडे राहिले, तर परदेशी ग्राहक शोधणे, दर्जाचे निकष आणणे आणि विक्री हे सामाईक संस्थेकडे गेले. आरंभीच्या काळात परदेशात माल नाकारला गेल्याचे फटके बसले, काही संस्था गळाल्या. ज्या राहिल्या त्या निकष पाळणाऱ्या होत्या. म्हणून आपल्या पाचांपैकी एखादी कंपनी पहिल्या दोन वर्षांत बाहेर पडली तर त्याला एकजुटीचे अपयश समजू नये.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे आहे आणि ते पाण्याचे आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्यावर शेपटाकडील, म्हणजे ओझरच्या बाजूच्या, शेतकऱ्यांना पाणी पोहोचत नसे. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या सुमारास तिथे महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घेणे, पट्टी वेळेवर भरणे, पाळीपत्रक पाळणे हे सर्व त्या नीट करू लागल्या. पण तुम्ही शेपटाला कितीही शिस्तीत राहिलात तरी कालव्याच्या वरच्या अंगाला बेशिस्त असेल तर पाणी वाटेतच संपते. अशा वेळी खालच्याने वरच्याशी भांडण मांडावे ही सरळ वाट असते. इथे तसे झाले नाही. वरच्या गावांमध्येही संस्था उभ्या राहाव्यात यासाठी काम झाले, आणि हळूहळू संपूर्ण लाभक्षेत्रात चोवीस संस्था होऊन त्यांची प्रकल्प पातळीवरील संस्था तयार झाली. शेतकऱ्यांच्या हाती संपूर्ण प्रकल्पाचे पाणी वाटप सोपवले जाण्याइतकी ती पुढे सक्षम झाली.

यातील क्रमाकडे लक्ष द्यावे. प्रकल्प पातळीवरची संस्था सर्वांत शेवटी आली. आधी प्रत्येक लहान संस्था स्वतःच्या पायावर उभी होती, स्वतःची पाणीपट्टी वसूल करत होती, आणि वरच्या संस्थेची गरज त्यांना रोजच्या पाळीवरून जाणवत होती. आपल्याकडे महासंघाची सूचना निवृत्त अधिकाऱ्यांकडून आली आहे. ती मनापासून असेल, पण ज्याला त्याची गरज लागते त्याने ती मागितलेली नाही.

खालच्याने वरच्याला संघटित होण्यासाठी मदत करावी हा वाघाडचा भाग आपल्या खरेदी केंद्राच्या कुरबुरीलाही लागू पडतो. ज्या कंपनीला केंद्र मिळाले तिच्याकडे इतर चौघींनी पुढच्या हंगामात माणसे पाठवावीत, नोंदणीची यादी आणि टोकन पाचही कंपन्यांच्या लोकांसमोर लागावे. केंद्र एकीचे असले तरी रांग सर्वांची आहे हे त्या केंद्राच्या दारावर दिसले पाहिजे.

उत्तर ४ : लालबिल्ला

आंदोलनाच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, तेव्हा तो मी घेतो. चाकणला १९७८ मध्ये कांद्यासाठी शरद जोशींनी केलेल्या सुरुवातीपासून आणि १९८० च्या नाशिकच्या ऊस-कांदा आंदोलनापासून शेतकरी संघटनेचा विचार ज्यांच्या घरात मुरला आहे त्यांतला मी एक आहे. तरीही मी असे सांगेन की आपल्या कंपन्यांनी कंपनी म्हणून रास्ता रोकोत उतरू नये. सभासदाने शेतकरी म्हणून यावे, बिल्ला लावून यावे. कंपनीचा फलक घेऊन येऊ नये. कंपनीचे पैसे सभासदांचे आहेत, त्यांत सर्व पक्षांचे लोक आहेत, आणि उद्या गुन्हे दाखल झाले तर संचालकांनी ते कंपनीच्या खर्चाने लढवायचे की नाही हा वाद आपल्याला पाहिजे कशाला?

पण याचा अर्थ पाच कंपन्यांनी धोरणाबद्दल गप्प बसावे असाही नाही. सोयाबीनचा भाव आपल्या गोदामात ठरत नाही. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेले गेले आणि ३० मे २०२५ रोजी ते पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले गेले, त्यामुळे पुढच्या भावाचा अंदाज घेऊन माल राखण्याचे जे एक साधन कंपन्यांना वापरता आले असते तेही हातून गेले. नाशिककरांनी तर कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये संपूर्ण निर्यातबंदी आणि पुढे मे २०२४ पासून किमान निर्यात मूल्य असे सर्व प्रकार एका वर्षाच्या आत पाहिले. अशा विषयांवर पाच कंपन्यांचे एकच, सह्यांसह निवेदन गेले तर त्याला वजन येते, आणि त्यासाठी कोणालाही रस्त्यावर बसावे लागत नाही.

एकत्र बोलायचे ठरले की पुढचा प्रश्न येतो : माघार घेण्याचा अधिकार कोणाला? यावर मी थोडे थांबून लिहितो, कारण आमची मोठमोठी आंदोलने याच ठिकाणी फुटली. २०१७ मध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेतून शेतकरी संपाची हाक गेली, १ जूनपासून राज्यभर दूध-भाजीपाला थांबला, आणि दोनच दिवसांत रात्री मुख्यमंत्र्यांशी झालेल्या चर्चेनंतर काही प्रतिनिधींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. गावोगाव बसलेल्या लोकांनी ते मानले नाही, सुकाणू समिती उभी राहिली आणि ११ जूनला कर्जमाफीचे तत्त्वतः आश्वासन आले. तिथे कोणी प्रामाणिक होते आणि कोणी नव्हते, या वादात मला जायचे नाही. संप पुकारणारे कोण हे ठरले होते, मागे घेणारे कोण हे ठरलेले नव्हते, एवढेच खरे.

याच्या उलट दिल्लीच्या सीमेवरचे संयुक्त किसान मोर्चाचे आंदोलन पाहा. सुमारे चाळीस संघटना होत्या, डावे होते, खापांचे (उत्तरेतील जात-पंचायतींचे) लोक होते, एकमेकांविरुद्ध आयुष्यभर लढलेले नेते होते. कोणालाही आपला झेंडा गुंडाळायला सांगितले गेले नाही. सरकारशी अकरा फेऱ्या झाल्या त्या शिष्टमंडळाने केल्या, पण जानेवारी २०२१ मध्ये ज्यांच्याविरुद्ध आंदोलन होते ते तीन कृषी कायदे दीड वर्ष स्थगित ठेवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तो बैठकीच्या टेबलावर स्वीकारला किंवा नाकारला गेला नाही. तो सर्व संघटनांच्या सभेसमोर नेला गेला आणि तिथे नाकारला गेला. नोव्हेंबरात कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. पुढे पंजाबच्या निवडणुकीत काही संघटनांनी स्वतंत्र आघाडी करून उमेदवार उभे केले आणि ती एकजूट ढिली पडली, हेही तितकेच खरे आहे.

तेव्हा तेरणाकाठ यांनी ठरावात एक वाक्य घालावे : कारखान्याशी असो वा जिल्हाधिकाऱ्यांशी, बोलणी करणारे दोघे असतील, कधीही एकटा नाही, आणि ठरलेल्या मर्यादेखालचा भाव किंवा ठरलेल्या मागणीपेक्षा कमी काही स्वीकारायचे असेल तर पाचही अध्यक्षांना विचारल्याशिवाय होकार दिला जाणार नाही. आणि निवडणुकीच्या काळात कंपनीच्या आवारात कोणाचीही सभा होणार नाही, हेही घालावे. आपले ते आंदोलक अध्यक्ष यावर पहिली सही करतील याची मला खात्री आहे, कारण फुटलेल्या आंदोलनाचे दुःख त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असते.

उत्तर ५ : वर्धापार (यवतमाळ जिल्हा)

मी महिला आर्थिक विकास महामंडळाच्या लोकसंचालित साधन केंद्राशी जोडलेल्या बचत गटांत अनेक वर्षे काम केले आहे. आमचे केंद्र म्हणजे बऱ्याच गावांतील गटांचा संघच आहे, तेव्हा दोन मुद्दे मांडते.

आमच्याकडे प्रकल्पाचा निधी कमी झाला तेव्हा कोणती केंद्रे टिकली, याचे उत्तर सरळ होते : ज्यांना गट दरवर्षी सेवाशुल्क देत होते ती. गटाने स्वतःचे पैसे भरले की बाई बैठकीत उभी राहून विचारते, आमच्या पैशाचे काय केले? अनुदान असते तोवर हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणून सामाईक कामासाठी, रक्कम लहान असली तरी, पाचही कंपन्यांकडून पहिल्या महिन्यापासून वर्गणी घ्यावी आणि जी कंपनी वर्गणी भरणार नाही तिला त्या हंगामाच्या सौद्यात घेऊ नये. बैठका फिरत्या ठेवाव्यात, प्रत्येक वेळी वेगळ्या कंपनीच्या गावी. मागील बैठकीचे इतिवृत्त मोठ्याने वाचून मगच पुढे जावे.

दुसरा मुद्दा असा, की वरील सर्व चर्चेत सोयाबीन वाळवणारे, निवडणारे आणि चाळणीवर उभे राहणारे हात कोणाचे आहेत याचा उल्लेख नाही. सातबारा नवऱ्याच्या नावे म्हणून भागही त्याच्या नावे, आणि ओलावा १२ की १४ हे मात्र तिने किती दिवस माल पसरला त्यावर ठरते. पैनगंगातीर यांनी सांगितलेल्या नमुन्याच्या पुड्यांचे काम गावातील गटांकडे द्या, त्याची मजुरी द्या, आणि घरटी दुसरा भाग बाईच्या नावे घेता येतो का ते तुमच्या कंपनीच्या नियमावलीत पाहा. शेती करणारी बाई उत्पादकच असते. अडचण कायद्यापेक्षा अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या कागदांची जास्त आहे.

तेरणाकाठ

सर्वांचे आभार. महासंघाचा विषय तूर्त बाजूला ठेवावा, असे मी आमच्या संचालक मंडळापुढे मांडणार आहे. मताधिकाराचा नियम आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता, तो ऐकून उत्साहात असलेल्या दोन कंपन्यांपैकी एकीचे अध्यक्षही विचारात पडले.

एक अडचण मी मूळ प्रश्नात लिहिली नव्हती, ती आता लिहितो. तालुक्यात कागदोपत्री सहावी कंपनी आहे. तिचे संचालक एका आडत्याच्या घरातील आणि त्याच्या गड्यांपैकी आहेत असे सर्वजण म्हणतात. तिच्याकडे गोदाम मोठे आहे, काटा चांगला आहे आणि खेळते भांडवल आम्हा पाचांकडे मिळून नाही इतके आहे. तिने एकत्र सौद्यात येण्याची तयारी दाखवली आहे. आमच्यातील काहींना वाटते की तिच्या भांडवलाचा सर्वांनाच उपयोग होईल.

लालबिल्ला

घेऊ नये. ज्याच्याविरुद्ध भाव मागायचा त्यालाच बोलणी करणाऱ्यांत बसवणार का? भांडवल हवे असेल तर शेतमाल तारण योजना आहे, बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते, सहा टक्के व्याजाने. आडत्याचा पैसा फुकट येत नाही हे आपल्या आजोबांनाही माहीत होते.

हिशोबनीस

तारण योजनेबाबत सहमत आहे; बाकी मी इतक्या घाईने दार लावणार नाही. ‘सर्वजण म्हणतात’ हा पुरावा नव्हे, आणि आपल्या पाचांपैकी एखादीबद्दलही पलीकडच्या गावात सर्वजण काही म्हणत असतील. तपासणी सोपी आहे. मागील हंगामाची खरेदी नोंदवही, त्याच काळाचा बँक उतारा आणि सभासद नोंदवही या तीन वस्तू समोर ठेवाव्यात. माल ज्याच्या नावे घेतला त्याच्याच खात्यावर पैसे गेले आहेत का, तो सभासद आहे का, आणि एकाच माणसाच्या नावे त्याच्या जमिनीत पिकूच शकणार नाही इतका माल दाखवलेला आहे का, एवढे पाहिले की अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होते. तिने नोंदवह्या दाखवल्या नाहीत तर आपल्याला नकार देण्याची वेळच येणार नाही.

वर्धापार

अट योग्य आहे, पण ती फक्त सहावीला घालू नका. पाचही कंपन्यांनी आधी आपापल्या तीन वह्या एकमेकांपुढे ठेवाव्यात, मग तिच्याकडे मागाव्यात.

तेरणाकाठ

मान्य आहे. हरभऱ्याची काढणी सुरू होण्याआधी पाचही कंपन्यांची बैठक आमच्या गोदामात घेत आहोत. विषयपत्रिकेत वह्यांची देवघेव पहिली, सामाईक हिशेबनीस दुसरा आणि ओलावा मापकांची तपासणी तिसरी ठेवली आहे. यंत्रे बरोबर घेऊन येण्यास सर्वांना कळवले आहे. बोलणी दोघांनीच करण्याचा मसुदा लालबिल्ला यांच्या शब्दांत जवळपास तसाच घेतला आहे. सोयाबीनचा हंगाम अजून लांब असल्याने पहिला एकत्र सौदा हरभऱ्याचाच होईल. पैनगंगातीर यांना विचारायचे आहे की हरभऱ्यासाठी दर किती कट्ट्यांमागे नमुना घ्यावा, आणि भुंग्याने पोखरलेला दाणा डागीत धरावा की त्याचा रकाना चिठ्ठीवर वेगळा ठेवावा.

पैनगंगातीर (वाशिम)

दहा कट्ट्यांमागेच घ्यावा. भुंग्याचा रकाना वेगळा ठेवा, कारण डागी दाणा शेतातून येतो आणि भुंगा बहुतेक वेळा गोदामातून. कपात कोणी सोसायची हे त्यावरच ठरेल. चिठ्ठीवर माल गोदामात आल्याची तारीखही लिहा.